उष्टेबाई

आमच्या घरी संध्याकाळचं जेवण आई कामावरून आल्यावरच व्हायचं, कारण ते तिच्यासोबत यायचं. वर्ध्यात मुलींच्या एका वसतिगृहात ती मेसची भांडी घासायची. तळाला राहिलेला भात, आळून घट्ट झालेलं वरण, वाकड्या झाल्या म्हणून कोणी न घेतलेल्या पोळ्या, असं सगळं एका ॲल्युमिनियमच्या डब्यात घालून ती आणायची. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. एकदा त्यांची पाठ धरली ती कायमची, आणि त्यानंतर आम्ही तिघं भावंडं त्या डब्यावरच वाढलो. शेजारची एक बाई येता-जाता म्हणायची, "पोरायले उष्टं चारते." आई कधी कोणाशी भांडली नाही, पण या वाक्याला मात्र दारात उभी राहून उत्तर द्यायची, "उष्टं नाई व्हय, उरलेलं हाय. ताटातलं नाई, गंजातलं हाय." ताट आणि गंज, म्हणजे शिजवायचं पातेलं, यांच्यामधल्या त्या एवढ्याशा अंतरावर आमच्या घराची सगळी इज्जत उभी होती.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. नर्सिंग, पहिली श्रेणी. हे मी कोणी न विचारताही सांगते. ज्यांना त्यात फुशारकी दिसते त्यांनी ती खुशाल पाहावी. शिकताना मनाशी एक पक्कं केलं होतं, की लोकांच्या ताटांशी आपला संबंध इथून पुढे संपला. आणि शेवटच्या वर्षी वॉर्डात ड्यूटी लागली त्या पहिल्याच दुपारी एका बाईनं मला उष्ट्याच्या बादलीपाशी उभं केलं.

सगळा दवाखाना त्यांना उष्टेबाई म्हणायचा. तोंडावर 'मॅडम', पाठ वळली की उष्टेबाई. मूळच्या हिंगणीच्या. आमच्या कॉलेजात त्या आहारशास्त्र शिकवायच्या आणि उरलेला सगळा वेळ वॉर्डात काढायच्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, पायात पुरुषी चपला, आणि पांढऱ्या साडीच्या निऱ्यांवर कायम हळदीचा एखादा ठिपका. साडेबाराला जेवणाची गाडी यायची, एक वाजता मावश्या ताटं गोळा करून उष्टं बादलीत झटकायच्या. त्या बादलीला लागून बाईंचं स्टूल. हातात चमचा. एकही ताट त्यांना दाखवल्याशिवाय बादलीत रिकामं व्हायचं नाही. भात उकरून बघायच्या, पोळीचे तुकडे जोडून बघायच्या, भाजीतून काय वेचून ठेवलंय ते बघायच्या.

"कोणता पलंग?"

"अठरा, मॅडम."

"अठरानं भाजीले हात नाई लावला. काऊन?"

"माहीत नाही, मॅडम."

"तुले माहीत नाई, त आता भाजीले इचारू?"

मावश्या हसायच्या. मला किळस यायची. खरं सांगायचं तर किळसेपेक्षा राग जास्त यायचा. ही बाई डिप्लोमावाली, मी डिग्रीवाली. आणि हिनं मला शिकवायचं काय, तर लोकांनी टाकलेला भात कसा उकरावा! हॉस्टेलवर आम्ही मुली त्यांची नक्कल करायचो. एकजण चष्मा नाकावर घेऊन चमचा हलवायची, "काऊन नाई खाल्लं?" आणि बाकीच्या लोळायच्या. त्या नकलेत सगळ्यात चांगला आवाज माझा लागायचा, कारण माझी भाषाही तीच होती. फक्त मी ती कॉलेजात बोलत नव्हते.

बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दिलं काय, थे सैपाकी सांगते. पोटात गेलं काय, थे सिस्टरनं सांगायचं." यात त्यांना नेमकं कोणाला टोचायचं होतं ते आमच्या धंद्यातल्या कोणालाही कळेल. चार्टवर आहाराचा एक रकाना असतो. तो कसा भरला जातो? दुपारी दोनच्या सुमारास, ड्यूटी बदलायच्या आधी, एका बैठकीत. तीस पेशंट, तीस वेळा 'आहार घेतला', एकाच पेनानं, एकाच दमात. एकदा मी अशाच भरलेल्या पानांमध्ये एक पेशंट असा होता की त्याला ऑपरेशनसाठी सकाळपासून पाण्याचा थेंबही दिलेला नव्हता. कागदावर मात्र तो भरपेट जेवला होता. बाईंनी ते पान वाचलं. माझ्या दंडाला धरून त्या मला त्या पेशंटपाशी घेऊन गेल्या आणि त्याला विचारलं, "काय भाऊ, आजचं वरण खारट होतं म्हणते हे पोरगी. खरं व्हय?" तो बिचारा सुकलेले ओठ चाटत एकदा त्यांच्याकडे बघत होता आणि एकदा माझ्याकडे. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'ग्रॅज्युएट' झाले. "ए ग्रॅज्युएट, इकडे ये." असं म्हणायच्या की ती पदवी नसून एखादा खरूज-नायटा असावा.

वर्गातही तेच. आहारशास्त्राच्या पेपरात मी वर्गात पहिली होते. कोणत्या पदार्थात प्रथिनं किती, जखम असलेल्या माणसाला किती जास्त लागतात, सगळं तोंडपाठ. एकदा बाईंनी विचारलं, "एक वाटी वरणात किती?" मी उभी राहून धडाधड आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "कोणती वाटी? मेसची का घरची?" मी पुस्तकातलं पान आठवायला लागले. "वरतून घेतलं का तळातून?" उत्तराची वाट न बघता त्या म्हणाल्या, "डाळ तळाले राह्यते अन् आकडा पुस्तकात राह्यते. पेशंटच्या वाटणीले पाणी येते. बस खाली." वर्ग हसला. मी खाली बसले ती त्यांच्याबद्दलची अढी आणखी घट्ट करून.

पण तिरस्कार कसा करावा हे कोणाकडून शिकावं तर त्यांच्याकडून. त्यांचा सगळ्यात मोठा राग फळांच्या पिशव्यांवर होता. भेटायला येणारा माणूस सफरचंदं घेऊन येतो. का? बाई म्हणायच्या, "सेब पेशंटसाठी नसतेच. आणणाऱ्याच्या इज्जतीसाठी असते. नाई त शंभरातला येक तरी दह्याचा गडवा घेऊन आला असता." त्यानंतर नंबर लागायचा ताकदीच्या पावडरीचा. औषधाच्या दुकानात मिळणारा तो गोल डबा, त्यावर दंड फुगवलेला पैलवान. शेत विकल्यासारखं तोंड करून माणसं तो डबा आणायची आणि दिवसातून एक चमचा पाण्यात कालवून द्यायची, जणू तीर्थ. बाई डबा हातात घेऊन पैलवानाकडे बराच वेळ बघायच्या आणि नातेवाइकाला विचारायच्या, "हा काय हेच पावडर खाऊन असा झाला? का याची माय याले भाकर देत होती?" आणि चहा-बिस्किट हे शब्द तर त्यांच्या तोंडून शिवीसारखे निघायचे.

यात गंमत होती, पण एक गोष्ट सांगितली नाही तर हे लिहिणं खोटं होईल. बाई नातेवाइकांना फार लागेल असं बोलायच्या. ताट भरलेलं परत आलं की त्या पलंगापाशी जाऊन सगळ्या वॉर्डासमोर विचारायच्या, "काय वो, इथं पेशंटचं पोट भराले आले का आमची बादली?" खेड्यापाड्यातून आलेल्या बायका, आधीच घाबरलेल्या, पदर तोंडाला लावून उभ्या राहायच्या. बाईंना ते दिसत नव्हतं असं नाही. त्यांना वाटायचं, घाबरल्या की नीट भरवतील.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मी आईला उष्टेबाईंची नक्कल करून दाखवली. वाटलं होतं, ती हसेल. आई भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "शानी बाई हाय थे. मले बी मेसमंदी ताटावरूनच समजे, कोणती पोरगी घरची आठवण काढून राह्यली अन् कोणीले ताप भरला. पण मले कोण इचारते?" मी विषय बदलला. आईनं इतकी वर्षं लोकांची ताटं फक्त घासली नव्हती, हे ऐकायला मला तेव्हा आवडलं नाही.

त्याच हिवाळ्यात देवरावजी आले. पुलगावचे, साठीच्या पुढचे, गिरणीत नोकरी झालेले. गोठ्याचं टिनाचं छप्पर नीट करताना पडले, कंबर मोडली, आणि घरी महिनाभर उताणे पडून राहिले. त्यात कमरेच्या वर पाठीला जखम झाली. आमच्याकडे आले तेव्हा त्या जखमेत माझी मूठ गेली असती. सर्जननी पहिल्याच दिवशी साफ सांगितलं, "खालून लाल मांस भरून आलं तर वर चामडी लावू. नाही भरलं तर लावून उपयोग नाही, धरणार नाही. आणि उघडी राहिली तर विष रक्तात जाईल." म्हणजे हिशोब सरळ होता. मांस भरलं तर माणूस घरी जाणार, नाही भरलं तर जाणार नाही. तो पलंग माझ्याकडे होता.

पहिले दोन दिवस गोळ्यांनी त्यांना उलट्या झाल्या. मी त्यांच्या बायकोला, कमलाबाईंना, सांगितलं, "हलकं द्या." आमच्या धंद्यात यापेक्षा सोपं वाक्य नाही. डॉक्टर जाता-जाता म्हणतात, सिस्टर जाता-जाता म्हणते. हलकं म्हणजे काय आणि कधीपर्यंत, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. तिसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या. मी माझं वाक्य काही परत घेतलं नाही. मला ते बोलल्याचं आठवतही नव्हतं.

रोज ड्रेसिंग व्हायचं. तीन आठवडे झाले तरी जखम जशीच्या तशी. फिकट, ओलसर, मेलेली. औषधं बदलली, पलंगावर हवेची गादी आली, दर दोन तासांनी आम्ही कूस बदलत होतो. शेवटी सर्जननी फाइल आपटून विचारलं, "हा माणूस जेवतो का?"

मी चार्ट पुढे केला. एकवीस दिवस, दोन्ही वेळा, 'आहार घेतला'. या वेळी मी आंधळेपणानं लिहिलेलं नव्हतं. उष्टेबाईंच्या बादलीवर रोज ताट बघून लिहिलं होतं. बाईही म्हणाल्या, "ताट लख्ख येते सर याचं. घासल्यासारखं."

सर्जन म्हणाले, "मग मला कळत नाही. अजून दहा दिवस बघू." त्यांच्या आवाजावरून ते दहा दिवस कशासाठी आहेत ते आम्हा दोघींनाही कळलं.

दोन-तीन दिवसांनी मी जेवणाच्या वेळेत एक थर्मामीटर शोधत देवरावजींच्या पलंगाकडे गेले. खरं तर त्या वेळेत आम्ही सगळ्या बादलीकडे नाहीतर डब्यांवर असायचो. पडदा अर्धा ओढलेला होता. कमलाबाई वरणाची वाटी हळूच वाकडी करून वरचं निवळ पाणी एका गिलासात ओतत होत्या. ते पाणी त्यांनी देवरावजींना चमच्याचमच्यानं पाजलं. दोन चमचे भाताची पेज. मग तोंड पुसलं. आणि नंतर पलंगाच्या आडोशाला खाली बसून बाकीचं ताट स्वतः खायला लागल्या. पोळ्या, भाजी, तळातली डाळ. भराभरा, दाराकडे बघत, चोरी केल्यासारखं.

"कमलाबाई, हे काय करून राह्यल्या तुमी?" माझ्या तोंडून कॉलेजची भाषा गळून पडली.

त्यांनी ताट पदराआड ओढलं. "जेवून राह्यली ना वो."

"हे ताट कोणाचं व्हय?"

"यायचं."

"मंग तुमी काऊन खाता?"

"तुमीच त सांगतलं, सिस्टर, हलकं द्या. पोळी-भाजी जड पडते. मी बराबर वरणाचं पाणी देतो, दोनी टाइम, गिलासभर. सगळी ताकत पाण्यातच उतरते ना."

"अन् बाकीचं संपवता कायले? ठेवून द्यायचं ना तसंच!"

कमलाबाईंनी पडद्यापलीकडे, बादलीच्या दिशेनं पाहिलं. आवाज अगदी बारीक झाला. "ताट भरलं गेलं का थ्या बाई बोलतात. सगळ्यायसमोर. मले लय भेव वाटते त्यायचं. म्हून मी संपवून टाकतो."

पलंगावरून देवरावजी बोलले. भिंतीकडे तोंड होतं. "तिले काई म्हणू नका. तिची चूक नाई."

मी विचारलं, "बाबाजी, तुमाले भूक लागते का?"

"लागते त. लय लागते." मग म्हणाले, "पण दवाखान्यात तुमी सांगान तेच करा लागते ना."

माझ्यासमोर दोन रस्ते होते, आणि त्यातला एक चांगलाच सोपा होता. आजपासून नीट भरवा म्हणून कमलाबाईंना सांगायचं आणि गप्प राहायचं. तेवीस-चोवीस दिवसांच्या सह्या माझ्या होत्या, इंटर्नशिप संपायला पंधरा दिवस राहिले होते, आणि घराण्यातल्या पहिल्या ग्रॅज्युएटच्या कागदावर एकही डाग नव्हता. पण बाईंपासून लपवायचं म्हणजे त्यांना लख्ख ताट रोज बघू द्यायचं. ते मला जमेना. मी बादलीपाशी गेले आणि उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. भीतीचंही सांगितलं.

मला वाटलं, आता वॉर्ड गरजणार. बाईंनी हातातला चमचा बादलीच्या काठावर ठेवला. ताटं येत राहिली, त्यांनी एकही बघितलं नाही. मग त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी बादलीत डोकं घालून बसली. तोंडात नाई पाह्यलं कोणाच्या." आणि उठताना, माझ्याकडे न बघता, "अक्कल नावाची गोष्ट डिग्रीवालीले नाई, डिप्लोमावालीले बी नाई."

त्या सरळ कमलाबाईंपाशी गेल्या. कमलाबाई उभ्या राहिल्या. बाई खाली फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बसा माय. मले माफ करजा." माफी मागतानाही आवाज खेकसल्यासारखाच होता, त्यामुळे कमलाबाईंना ती माफी आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

मग चार्ट. मी म्हटलं, मागचं खोडून दुरुस्त करते. बाई म्हणाल्या, "खोडू नको. खोडलं का काई झालंच नाई असं वाटते. त्याच्या खाली लिही, का इथवर पेशंटनं खाल्लेलं पाहून लिहिलं नाई. तुही सही कर, माही बी घे." मी लिहिलं. ते अक्षर अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. सर्जननी वाचलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यापेक्षा शिवी बरी. मेट्रननी मला मेमो दिला आणि माझी इंटर्नशिप एक महिना वाढवली. बाईंना काय दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. हॉस्टेलवर माझी नक्कल सुरू झाली. तीही चांगली करायच्या मुली.

त्या दिवसापासून बाईंचं स्टूल बादलीपासून उठलं आणि देवरावजींच्या उशाशी आलं. पहिला प्रश्न, "काय खाऊ वाटते?" देवरावजी लाजले. "गोळे," म्हणाले. गोळाकढी. भिजवलेली डाळ जाडसर वाटून तिचे गोळे ताकाच्या कढीत शिजवतात, वरून लसणाचं कडकडीत तेल. बाईंचा चेहरा मी पहिल्यांदा खुललेला पाहिला. "हे पाह्य ग्रॅज्युएट. अख्खी डाळ, वरतून ताक, अन् चावायले दात बी नाई लागत. तुह्या पुस्तकवाल्यानं याच्याहून चांगलं काई काढलं असन त मले आणून दाखव." मी पुस्तक काढून खरंच हिशोब केला. दाखवण्यासारखं काही निघालं नाही.

दवाखान्याच्या मागे नातेवाइकांसाठी शेड होती, तिथे चुलीवर कमलाबाई गोळे करायच्या. सोबत दूध, दही, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, आणि दर दोन तासांनी थोडं थोडं. आम्ही आळीपाळीनं समोर बसायचो. बाईंनी कमलाबाईंचं वेगळं ताट मेसमधून सुरू करायला लावलं. त्यासाठी मेस मॅनेजरशी जे भांडण झालं ते वर्णन करण्यासारखं नाही. "बायको उपाशी राह्यली का नवऱ्याचं ताट खाईनच. थिले जेवू घाल, म्हणजे पेशंट जेवन. हे समजाले काय परीक्षा द्या लागते का तुले?"

सहाव्या-सातव्या दिवशी ड्रेसिंग काढलं तेव्हा जखमेच्या एका कडेला लाल ठिपके दिसले. डाळिंबाचे दाणे असतात तसे. मी आनंदानं बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माह्या तोंडाकडे काय पाह्यते? दुपारचं दही दिलं का?"

आणि मधेच बाईंची रिटायरमेंट आली. जखम निम्मीही भरली नव्हती. निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. ज्या प्राचार्यांनी त्यांना जन्मभर प्रमोशन दिलं नाही, कारण डिग्री नव्हती, त्याच म्हणाल्या की बाई म्हणजे आमच्या संस्थेचा मानबिंदू होत्या. ज्या मेट्रननी मेमो दिला त्या डोळे पुसत होत्या. प्रत्येकाच्या हातात खाऊचं खोकं, एक कचोरी, एक बर्फी, वेफर्सचं पाकीट. पोषणाची बाई निवृत्त होत होती आणि तिच्या नावानं वेफर्स वाटले जात होते, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बाई उत्तरादाखल दोन वाक्यं बोलल्या, "साडेबारा होऊन राह्यले. गाडी येईन." आणि शाल खुर्चीवर ठेवून वॉर्डाकडे निघाल्या. टाळ्या थोड्या उशिरा वाजल्या.

देवरावजींना शेवटचे चार गोळे समोर बसून खाऊ घातले. मग माझ्याकडे वळल्या. मी आपलं काहीतरी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. त्या आधीच म्हणाल्या, "रडू-बिडू नको. याच्या जेवणाच्या टायमाले तू कुठं गेली नाई पाह्यजे. कोणी बोलावलं तरी. डॉक्टरनं बोलावलं तरी." आणि दारातून वळून, "तुले आता दिसते. पह्यले नाई दिसे." एवढंच. पिशवी घेऊन स्टँडवर गेल्या आणि हिंगणीच्या बसमध्ये बसल्या.

नंतरचे दिवस मी एकटीनं काढले. जेवणाच्या वेळी मला डॉक्टरांनी दोनदा बोलावलं, मी दोन्ही वेळा गेले नाही. माझ्या वाढलेल्या महिन्यातले बावीस दिवस गेले तेव्हा जखम कडेपर्यंत लाल भरली. सर्जननी मांडीची चामडी काढून लावली. पाच दिवसांनी पट्टी उघडली. मी, कमलाबाई, सर्जन, तिघं वाकून बघत होतो. गुलाबी, घट्ट, कुठेही उचललेली नाही. चामडी धरली होती.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन हिंगणीला फोन लावला.

"मॅडम, देवरावजींची चामडी धरली."

"कोण देवराव?"

मी गाव सांगितलं, पलंगाचा नंबर सांगितला, पाठीची जखम सांगितली. त्यांना ओळख लागेना. मला वाईट वाटायला लागलं.

"अवो मॅडम, तुमी गोळे खाऊ घालत होत्या ना..."

"कढीतला लसूण वेचून ताटाच्या कडेले ठेवे, थो?"

"हो. तेच."

"मंग तसं सांग ना पह्यले! नावानं का समजते? आता काय खाते?"

"दोन पोळ्या. वरण. तळातलं."

"तू पाह्यलं का कोणी सांगतलं?"

"समोर बसून पाह्यलं."

"मंग ठीक," म्हणाल्या आणि फोन ठेवला. शाबासकी देणं त्यांना आलं नाही, आणि मीही वाट बघितली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या हिंगणीतच वारल्या. मला ते चार दिवसांनी कळलं.

देवरावजी एकाहत्तराव्या दिवशी वॉकर धरून चालत वॉर्डातून बाहेर पडले आणि पुलगावला घरी गेले. जखम पूर्ण भरली होती.